खाडीत एकट्याने शीड उभारण्यापूर्वी

प्रश्न : हवा भरायची छोटी शिडाची होडी मी वीर धरणाच्या जलाशयात चालवतो. आता ती दाभोळच्या खाडीत एकट्याने न्यायची आहे. काय सांभाळावे? – एक वाचक, फलटण

उत्तर : धरणात वारा ओळखता आला की बरेचसे भागते; खाडीत खालचे पाणीच चालत असते. भरती-ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी उलटते. पातळीतला निम्मा फरक मधल्या दोन तासांत पडतो, तेव्हा ओढ सर्वांत जोरदार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती आणखी वाढते. म्हणून सुरुवात अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत करा.

ओहोटी संपून भरती लागली की निघा आणि खाडीच्या आतल्या बाजूला जा. शीड फाटले तरी पाणी तुम्हाला समुद्राकडे ओढणार नाही. दुपारी खारा वारा जोर धरतो. ओहोटीचे पाणी त्याला समोरून भिडले की मुखाशी लाटा उभ्या राहतात. हलकी, हवेची होडी वाऱ्याविरुद्ध फार कमी सरकते. त्यामुळे मुखाकडे जाऊच नका. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वाटही टाळा.

लाइफ जॅकेट अंगावरच हवे. सोबत वल्ही, छोटा नांगर, शिट्टी आणि जलरोधक पिशवीत फोन. परतीची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. होडी उलटली तर तिला धरून राहा, सोडून पोहू नका. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नका. पहिल्या काही फेऱ्यांना स्थानिक मच्छीमाराला सोबत घ्याच. तिथले प्रवाह आणि वाळूचे दांडे त्यांना पाठ असतात.