दगडी उताराच्या पोटातील जीव

ओलसर जागेतील कुंडी उचलली किंवा कुजका ओंडका उलथला, की खाली करड्या रंगाचे, चपट्या अंगाचे काही जीव उजेड चुकवीत पळू लागतात. त्यांतील काही तेथेच अंगाची गोळी करून पडून राहतात. शेतकरी त्यांना किडा समजतो. परंतु ते कीटक नव्हेत. कीटकास पायांच्या ३ जोड्या असतात, यांना ७ असतात. खेकडा व झिंगा ज्या कवचधारी वर्गात येतात त्याच वर्गातील हे प्राणी असून, पायांच्या सारखेपणावरून त्यांच्या गणास समपाद म्हणतात. इंग्रजीतील त्यांचे नाव वुडलाउस. पाणी सोडून कायमचे जमिनीवर राहू लागलेले कवचधारी फार थोडे. त्यांत यांचा क्रमांक वरचा लागतो.

मात्र पाण्याशी असलेले जुने नाते यांना पुरते तोडता आलेले नाही. कीटकाच्या त्वचेवर मेणासारखा थर असतो व तो अंगातील ओल राखतो. समपादाच्या कवचावर तसा थर नसल्याने कोरड्या हवेत तो लवकर सुकतो. त्याचे श्वसन पोटाखालील पानासारख्या उपांगांनी चालते, व त्यासही दमट हवा लागते. मादी आपली अंडी छातीखालील द्रवाने भरलेल्या पिशवीत बाळगते; पिल्लांपुरते एक लहानसे डबकेच ती बरोबर घेऊन हिंडते म्हणावयाचे. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लास पायांच्या ६ च जोड्या असतात, सातवी पुढे फुटते. कात टाकण्याची रीतही निराळी आहे. प्रथम मागील अर्ध्या अंगाची कात निघते व नंतर पुढील अर्ध्या अंगाची. त्यामुळे मधल्या काळात प्राणी अर्धा फिकट व अर्धा करडा दिसतो. तो रोग नव्हे.

अशा ओल जपणाऱ्या जिवास जंगलातील दगडी उतार राहण्यास योग्य कसा, असा प्रश्न कोणासही पडेल. वरून पाहता तो उतार रुक्ष दिसतो. पण त्याच्या पोटात काय आहे यावर युरोपातील संशोधनाने चांगला प्रकाश पडला आहे. थंड प्रदेशात खडकाच्या भेगांतील पाणी गोठून खडक फुटतो व दगडांचे ढीग उतारावर साचतात. कालांतराने त्यांवर माती धरते, जंगल वाढते, आणि दगडादगडांमधील फटी मातीच्या छपराखाली मोकळ्या राहतात. तेथे काळोख असतो, हवा ओलीने भरलेली असते आणि तापमान वरच्यापेक्षा पुष्कळ स्थिर असते. १९८० साली ज्यूबेर्ती, दले व बुइयाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पिरेनीज पर्वतातील अशा जागेचे वर्णन प्रसिद्ध केले. केवळ गुहेत राहणारे म्हणून समजले गेलेले प्राणी, जेथे गुहा नाहीत अशा डोंगरांतही या फटींत आढळतात, हे त्यावरून ध्यानी आले.

कार्पेथियन पर्वतातील मेसोनिस्कस ग्रानिगर हा समपाद याचे चांगले उदाहरण आहे. तो पांढरा, डोळे नसलेला व एक सेंटीमीटरपेक्षाही लहान असतो. स्लोव्हाकियातील डोमित्सा गुहेत तो राहतो, तसाच जंगलातील दगडी उताराखालीही राहतो. त्याच देशातील सिवेत्स येथील उतारावर अभ्यासकांनी भोके पाडलेली नळी सुमारे एक मीटर खोल पुरली व निरनिराळ्या खोलीवर पेले बसवून कोणता जीव कोठे वावरतो हे पाहिले. साधेच साधन, पण जमिनीच्या पोटातील वस्ती त्याने दाखविली.

या फटींत हिरवी वनस्पती उगवत नाही. तेथील सारे अन्न वरून येते: पाण्याबरोबर झिरपणारे पानांचे तुकडे, कुजलेली मुळे, बुरशी. म्हणून वरचा पालापाचोळा व माती हे त्या वस्तीचे छप्परही आहे आणि कोठारही. समपाद कुजकी पाने कुरतडून त्यांचे बारीक तुकडे करतो, आणि त्याच्या विष्ठेवर बुरशी व जीवाणू यांचे काम जलद चालते. गांडुळाची बरोबरी तो करतो असे समजण्याचे कारण नाही. पण कुजण्याच्या कामात त्याचा वाटा आहे.

आपल्या सह्याद्रीत खडक फुटतो तो बर्फाने नव्हे, तर ऊन, पाऊस व मुळे यांच्या योगाने. तरीही कड्यांच्या पायथ्याशी काळ्या दगडांचे ढीग व त्यांवर जंगल हे दृश्य नित्याचे आहे. येथे पावसाळा संपला की वरचा थर भराभर सुकतो आणि ओल शोधणाऱ्या जिवास खोल फटींचाच आसरा उरतो. वणव्यात किंवा राबासाठी पालापाचोळा गेला, तर पहिल्या मोठ्या पावसात उघडी माती वाहून दगडांच्या फटींत बसते. छप्पर जाते आणि घरही बुजते. उताराखाली ज्याचे शेत आहे त्यास याचा प्रत्यय ओढ्याच्या गढूळ पाण्यातच येतो.

पाणलोटाच्या कामात अनघड दगडी बांध घालताना दगड कोठून आणावा, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी करावा. ओघळीत व शेताच्या कडेस सुटे पडलेले दगड प्रथम वापरावेत. झाडीखालील, मातीत रुतलेले दगड पहारीने उचकटून काढू नयेत. एक बांध उभा करण्यासाठी वरचा उतार मोकळा केला, तर त्याच उताराची माती येऊन तो बांध भरेल.

रोपवाटिकेत हे जीव कधी कोवळी रोपे कुरतडतात. तेवढ्यावरून विषारी औषध फवारण्याची घाई करू नये. वाफ्याजवळच्या फळ्या, विटा व कुजका कचरा दूर करावा, पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्री पृष्ठभाग कोरडा राहील. पोखरलेला अर्धा बटाटा पालथा ठेवल्यास रात्रीतून ते त्याखाली गोळा होतात. सकाळी उचलून खताच्या ढिगावर टाकावेत. तेथे ते उपयोगीच पडतात.

गावच्या जंगलात ही वस्ती पाहावयाची असल्यास पावसाळा सरता सरता सकाळी जावे, हाताएवढा दगड हलकेच उचलावा, आणि पाहून झाल्यावर तो होता त्याच बाजूने परत ठेवावा.