भूशास्त्राची प्रयोगशाळा : मोशीच्या खाणीपासून परिषदेच्या व्यासपीठापर्यंत

आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडणारी मुले बहुतेक आयटीआय, डिप्लोमा किंवा अभियांत्रिकीच्या वाटेने जातात. भोसरी, पिंपरी, चाकण, तळेगाव अशा पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना ही वाट ओळखीची आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने विज्ञान शाखेत भूशास्त्र हा विषय घेतला, की घरातून पहिला प्रश्न येतो : ‘तिथे दिवसभर करता तरी काय?’ आम्हांलाही तो विचारला गेला होता आणि त्या वेळी धड उत्तर देता आले नव्हते. प्रस्तुत लेखात ते देण्याचा यत्न केला आहे. उशीर झाला आहे, हे मान्य.

आरंभ दगडापासूनच करावा लागेल. मोशीच्या खाणींवरून जाणाऱ्या प्रत्येकाने काळ्या पाषाणाचे उभे कापलेले कडे पाहिले आहेत. हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर साचून आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापणारे दख्खनचे पठार तयार झाले. विहीर खणणाऱ्या माणसांना हे थर फार पूर्वीपासून माहीत आहेत. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखी लाल पट्टी. ही लाल पट्टी म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यानंतर दुसरा येईपर्यंत मिळालेल्या उसंतीची खूण. त्या उसंतीत खालच्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजला आणि वरच्या लाव्ह्याने तो भाजला.

अडचण अशी, की हा काळा दगड सगळीकडे एकसारखाच दिसतो. मोशीच्या खाणीतला थर आणि दहा-पंधरा किलोमीटरवर चाकणजवळच्या खाणीतला थर एकच की वेगळा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. प्रयोगशाळेचे काम येथून सुरू होते. मात्र त्याआधी क्षेत्रकार्य.

क्षेत्रकार्याला निघताना पाठीवर हातोडा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, होकायंत्र, कापडी पिशव्या, वही आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा असतो. या नकाशाच्या पत्रकांना क्रमांक असतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ४७ एफ/१४ या पत्रकावर येते. ते उत्तरेस १८ अंश ४५ मिनिटे अक्षांशावर संपते, म्हणजे साधारण चाकणपाशीच. पुढचे ४७ एफ/१३ वर. चाकण परिसरात काम करणाऱ्याला दोन्ही पत्रके एकमेकांना जोडून चालावे लागते, आणि वारा नेमका तेव्हाच सुटतो. होकायंत्र खडकावर टेकवायचे नाही, हा दुसरा धडा. कारण बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिज असते आणि सुई फसते. पण हाच दोष शास्त्रज्ञांच्या फार उपयोगी पडला आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठून राहते. त्या दिशेवरून असे दिसते, की हा दगड थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती. आपण ज्याला अढळ म्हणतो तो सह्याद्री एवढा प्रवास करून येथे आला आहे.

नमुना घेताना वरचा कुजलेला भाग फोडून टाकायचा, आतला ताजा दगड घ्यायचा, आणि क्रमांक तीन ठिकाणी लिहायचा : दगडावर, पिशवीवर, वहीत. तिन्ही ठिकाणी का, ते पुढे येईल.

प्रयोगशाळेत आल्यावर दगडाचे दोन वाटे होतात. एक सूक्ष्मदर्शकासाठी. हिऱ्याच्या करवतीने त्याची चकती कापतात, ती काचपट्टीला चिकटवतात, आणि कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत घासत इतकी पातळ करतात की दगडातून उजेड आरपार जावा. जाडी ठेवायची ०.०३ मिलिमीटर. आमच्या एका सहाध्यायाचे वडील भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘तीस मायक्रॉन? आणि गेज कुठला?’ गेज नाही, असे उत्तर होते. ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाचा रंग पाहायचा. चकती जाड असेल तर तो पिवळसर दिसतो, नेमकी झाली की करडा-पांढरा. रंगावरून मायक्रॉन ओळखायचे. हे ऐकून ते एका रविवारी विभागात आले, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बराच वेळ बसले, आणि जाताना आमच्या हाताने घासलेल्या चकतीची एक कड उतरती असल्याचे सांगून गेले. ती खरोखरच उतरती होती.

दुसरा वाटा रासायनिक विश्लेषणासाठी. दगड फोडायचा, दळायचा, त्याची मैद्यासारखी भुकटी करायची, गोळी दाबायची आणि एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्रात ठेवायची. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांची प्रमाणे मिळतात आणि सारख्या दिसणाऱ्या थरांतले भेद उघडे पडतात. १९८०च्या दशकात सह्याद्रीतील लाव्हाथरांची विभागणी मुख्यतः या रासायनिक खुणांवर झाली. भुकटी करतानाही सावध राहावे लागते. पोलादी भांड्यात दळले तर लोखंड मिसळते. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळले तर कोबाल्ट, कारण कार्बाइडचे कण बांधून ठेवण्यासाठी कोबाल्टच वापरतात. चाकणच्या सीएनसीवर कार्बाइडचे टूल लावणाऱ्या पालकांना ही गोष्ट आम्ही सांगायला नको.

आता ती क्रमांकाची गोष्ट. पदव्युत्तर अभ्यासाच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोन खाणींतील थर एकच असल्याचे दाखवणारा निबंध तयार केला होता. गोषवारा परिषदेकडे गेला, स्वीकारला गेला, तिकिटे निघाली. परिषदेला आठ दिवस उरले असता एका नमुन्याचा छेद पाहताना शंका आली. छेदात प्लॅजिओक्लेजचे मोठमोठे स्फटिक दिसत होते. असा दगड असेल तर विश्लेषणात ॲल्युमिनियमचे प्रमाण चढे यायला हवे. ते उतरते होते, आणि शेजारच्या साध्या, बारीक दाण्याच्या नमुन्यात चढे होते. दोन दिवस आम्ही निरनिराळी स्पष्टीकरणे रचली; माणसाला ती सुचतात. शेवटी पिशव्या काढल्या. एकीवर इंग्रजी सहा, दुसरीवर इंग्रजी नऊ, आणि खाली रेघ कोणत्याच आकड्याला नाही. दळताना पिशव्या उलट्या ठेवल्या गेल्या होत्या. वहीत आणि दगडावर क्रमांक बरोबर होते, म्हणूनच चूक सापडली.

कोणालाही कळले नसते. दोन नमुने गाळूनही निबंध उभा राहिला असता, आणि तसे सुचवणारा आमच्यातच एक होता. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, ‘दुसऱ्यांदा दळायला किती वेळ लागेल?’ रात्रभर लागला. नव्या आकड्यांनी दोन खाणींतील थर एक नसल्याचे दिसले. आमचा मुख्य निष्कर्ष गेला. भित्तिपत्रकाचे शीर्षक बदलून, काय चुकले ते एका चौकटीत लिहून आम्ही ते परिषदेत लावले. बहुतेक लोक पुढे निघून गेले. एक वृद्ध भूशास्त्रज्ञ मात्र त्या चौकटीपाशी थांबले आणि स्वतःच्या तरुणपणी नमुन्यांची एक अख्खी पेटी रेल्वेत कशी हरवली ते सांगू लागले.

परिषद म्हणजे बाहेरून भाषणे, चहा आणि गळ्यातली ओळखपत्रे. खरे काम असे उभ्याउभ्या होते. भूशास्त्रात ही परंपरा जुनी आहे. भारतीय भूशास्त्रीय संस्था बंगळूर येथे १९५८ साली स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय परिषदेचे बाविसावे अधिवेशन १९६४ साली नवी दिल्लीत भरले. छत्तिसावे २०२० साली पुन्हा दिल्लीत भरायचे होते, ते महामारीमुळे लांबले आणि २०२२च्या मार्चमध्ये संगणकाच्या पडद्यावर पार पडले.

आमची चूक दोन पिशव्यांची होती. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे गेल्यावर जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक लागते. तेथील गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे आणि त्याच परिसरात अश्युलियन काळाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. राखेचे वय कळले तर हत्यारांचेही कळेल, या आशेने अनेकांनी तिच्यावर काम केले. १९८९ साली पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने वय आले सुमारे १४ लाख वर्षे. १९९५ साली अरगॉन-अरगॉन पद्धतीने आले सुमारे ६ लाख ७० हजार. त्याच वर्षी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासणाऱ्या दुसऱ्या गटाने म्हटले, की ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे, वय सुमारे ७५ हजार वर्षे. १४ लाख कोठे आणि ७५ हजार कोठे!

वाचकाला वाटेल, कोणी तरी खोटे बोलत असणार. तसे नाही. पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत संथपणे अरगॉन वायूत बदलतो. साचलेला अरगॉन मोजून वय काढतात. पण तीन हजार किलोमीटरांहून दुरून वाऱ्यावर आलेली ही राख नदीकाठी बसली, आणि नदी वाहते ती बेसाल्टच्या प्रदेशातून. ६ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडाचे चिमूटभर कण जरी राखेत मिसळले, तरी त्यांतील अरगॉन वय फुगवू शकतो. काचकणांची रासायनिक ओळख या भेसळीने सहसा बिघडत नाही. दुसऱ्या बाजूने पुरातत्त्वज्ञांचा आक्षेपही वजनदार होता : हत्यारांची घडण ७५ हजार वर्षांहून फार जुनी दिसते. राख पाण्याने वाहून येऊन जुन्या गाळाच्या खोलगटात बसली असेल, तर राखेचे वय हे हत्यारांचे वय ठरत नाही. म्हणजे प्रश्न यंत्राचा जेवढा, तेवढाच नदीच्या काठावर उभे राहून थर नीट वाचण्याचा. आमच्या मते येथे क्षेत्रकार्याचे पारडे जड आहे; प्रयोगशाळेत रमलेल्या मित्रांना हे पटत नाही.

नोकरीचा प्रश्न उरतोच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. धरणे, बोगदे, मेट्रो येथेही भूशास्त्रज्ञ लागतात. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ज्या पालकांना मुलांसह एखादा रविवार यासाठी द्यावासा वाटेल, त्यांनी देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यांपासून आरंभ करावा. मग बेडसे, कार्ले, भाजे. कोरणाऱ्यांनी छिन्नी कोणत्या थरात घातली, पाणी कोठून झिरपते, मऊ पट्टी कोठे आहे, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. दहापट भिंग अल्प किमतीत मिळते. हातोडा मात्र घरी ठेवावा. लेण्यांच्या आवारात एक कपचीसुद्धा काढायची नसते.