उन्हाळा आणि तान्हे मूल : फोर्ट विल्यमचा धडा

हुगळी नदीच्या पूर्व तीरावर, कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला फोर्ट विल्यम हा अष्टकोनी किल्ला उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये क्लाइव्हने त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि १७८१ मध्ये ते पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर हा किल्ला भारतीय सेनेकडे आला. सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय येथेच आहे. २०२४ च्या अखेरीस त्याला ‘विजय दुर्ग’ असे नवे नाव देण्यात आले. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून घेतलेले असल्यामुळे मराठी वाचकाला ते परके वाटणार नाही.

किल्ल्यांचा इतिहास म्हणजे सामान्यतः तोफांचा आणि तहांचा इतिहास होय. येथे मात्र या किल्ल्याकडे वेगळ्या कारणासाठी पाहावयाचे आहे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यात येथील बराकींतून गोऱ्या सैनिकांबरोबर त्यांच्या बायका व मुलेही राहत असत. थंड हवेच्या देशातून आलेल्या या कुटुंबांची बंगालच्या उन्हाळ्याशी गाठ पडे आणि त्यात सर्वांत आधी बळी जात ती तान्ही मुले. १७६७ मध्ये सुरू झालेल्या पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत तरुण स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्या थडग्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी आहे. बराकीतील गरीब सैनिकाच्या मुलाला तर दगडी थडगेही क्वचितच लाभे.

ही मुले का दगावली, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. त्याचे जे उत्तर त्या काळी दिले गेले ते बऱ्याच अंशी चुकीचे होते. आणि तीच चूक आजही अनेक घरांत होत असते.

उन्हावर ठेवलेला आरोप

त्या काळच्या गोऱ्या लोकांनी सारा दोष हवेला आणि उन्हाला दिला. मैदानी मुलखात गोरे मूल नीट वाढूच शकत नाही, असा समज दृढ झाला. उपायही त्याला अनुसरूनच योजले गेले. सैनिकांच्या मुलांना सपाटीवरील हवेपासून दूर ठेवावे म्हणून हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ मध्ये सिमल्याच्या वाटेवरील सनावर येथे निवासी शाळा काढली. संपन्न कुटुंबे उन्हाळ्यात दार्जिलिंगसारख्या थंड ठिकाणी जाऊ लागली. १८३३ च्या सप्टेंबरमध्ये तर अमेरिकेतील बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज चक्क बर्फ घेऊन कोलकात्यास आले. निघताना त्यावर १८० टन बर्फ होता. सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील १०० टनांच्या आसपास शिल्लक राहिला होता. साहेबाच्या घरी बर्फ आला, पंखा ओढण्यास नोकर आले, मुलाला अंगावर पाजण्यास दाई आली. बराकीतील शिपायाच्या बायकोला यांपैकी बहुतेक काहीच मिळत नसे.

परंतु आरोपी खरोखर ऊनच होते काय? हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या सैनिकांत वर्षाकाठी दर हजारी सरासरी ६९ मृत्यू होतात, असे त्यात दिसून आले. हे मृत्यू बहुतांशी ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे विकार यांमुळे घडत होते. या आयोगासाठी आलेल्या माहितीचा अभ्यास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी केला. घाण पाणी, गटारांचा अभाव आणि दाटीवाटीच्या बराकी यांवर त्यांनी बोट ठेवले. पुढे पलता येथून गाळलेले पाणी नळाने शहरात येऊ लागले. ही व्यवस्था १८७० च्या सुमारास सुरू झाली. बराकी सुधारल्या आणि शतकाच्या अखेरीस सैन्यातील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले. कोलकात्याचे ऊन मात्र होते तसेच होते.

याचा अर्थ ऊन निरुपद्रवी आहे असा नव्हे. उन्हाळा तान्ह्या मुलावर दोन वाटांनी चाल करून येतो. एक वाट हवेची आणि दुसरी पाण्याची. पहिली सर्वांना दिसते. दुसरी दिसत नाही आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

पहिली वाट : हवा

तान्हे मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नव्हे. तीन किलो वजनाच्या नवजात मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने प्रौढ माणसाच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामुळे भोवतालच्या हवेची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. त्याच्या घर्मग्रंथींचे कार्य अद्याप पुरते सुरू झालेले नसते. शिवाय त्याला पांघरूण काढता येत नाही, सावलीत सरकता येत नाही आणि तहान लागली असे सांगताही येत नाही. त्याचे सारे संरक्षण दुसऱ्याच्या हाती असते.

शरीर थंड राखण्याचा निसर्गाचा मुख्य उपाय म्हणजे घाम वाळणे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे. नागपूरला मे महिन्यात पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम तत्काळ वाळतो. कोलकात्यात पारा त्याहून सहा-सात अंशांनी खाली असूनही जीव घुसमटतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असते. मुंबई, कोकण आणि गोवा यांची स्थितीही कोलकात्यासारखीच आहे.

वाळ्याचे पडदे उत्तर हिंदुस्थानच्या कोरड्या झळांत जितके उपयोगी पडत तितके ते बंगालमध्ये पडत नसत, त्याचे कारण हेच. कोलकात्यात खरा उपयोग होई तो छताला टांगलेल्या आणि दोरीने ओढावयाच्या पंख्याचा. तो हवा थंड करीत नसे. ती हलती ठेवीत असे. १८९९ मध्ये शहरात विजेचा पुरवठा सुरू झाला आणि पुढे विजेच्या पंख्याने त्याची जागा घेतली. यावरून घरासाठी नियम असा निघतो : विदर्भ-मराठवाड्यात ओले पडदे किंवा पाण्याचा कूलर हितकारक आहे, किनारपट्टीवर बंद खोलीत कूलर लावल्याने हवा अधिक दमट होते. तेथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पंखा चालू ठेवावा. पंख्याचा झोत मात्र सतत मुलाच्या तोंडावर येऊ देऊ नये.

या दृष्टीने आपल्याकडील काही रूढी तपासून पाहणे इष्ट आहे. बाळंतिणीची खोली दारे-खिडक्या लावून बंद करणे, खाटेखाली शेगडी ठेवणे, ओव्याची धुरी देणे, मुलाला टोपडे, झबले आणि दुपटे यांत गच्च गुंडाळणे, या गोष्टी थंडीच्या दिवसांत ठरल्या असतील. वैशाखात त्यांनी मुलाभोवती भट्टीच तयार होते, आणि धुराने त्याच्या फुप्फुसांना अपाय होतो. उन्हाळ्यात घरात मुलाला जुन्या, मऊ सुती कापडाचे एक सैल झबले पुरे होते. डोके उघडे असावे, कारण मुलाच्या शरीरातील पुष्कळ उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. हातपाय किंचित गार लागले म्हणून घाबरू नये. मान आणि पाठ यांना हात लावून पाहावा. तेथे घाम असेल किंवा अंग कढत लागत असेल तर कपडा कमी करावा.

अंघोळीचे पाणी कोमट असावे. तेल लावल्यास ते अंघोळीत धुऊन निघाले पाहिजे. अंगावर राहिलेल्या तेलाने घामाची छिद्रे बुजतात आणि घामोळे वाढते. घामोळ्यावर पावडरीचे थर देऊ नयेत. ती श्वासाबरोबर आत जाण्याचा धोका असतो. त्वचा कोरडी आणि मोकळी ठेवणे हाच घामोळ्यावरील खरा उपाय होय. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात मुलाला उन्हात नेऊ नये. बाबागाडीवर किंवा झोळीवर जाड कापड टाकल्यास सावली मिळते, पण आतली हवा कोंडून तापते. उभ्या केलेल्या मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

दुसरी वाट : पाणी

नवजात मुलाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. म्हणून पाण्याची थोडी घटही त्याला सोसत नाही. पाच किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून अर्धा लिटर द्रव निघून गेला, तर त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो; आणि तीव्र जुलाबात इतका द्रव काही तासांतच निघून जाऊ शकतो. उन्हाळ्यात अन्न लवकर नासते, माश्या वाढतात, पाण्याचे साठे आटतात आणि दूषित होतात. फोर्ट विल्यममधील आणि त्याबाहेरील काळ्या वस्तीतीलही मुलांना नेणारी वाट मुख्यतः ही होती.

या वाटेवरचा पहिला पहारेकरी म्हणजे आईचे दूध. त्यात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि ते पाणी सुरक्षित असते. म्हणून पहिले सहा महिने, कडक उन्हाळ्यातसुद्धा, मुलाला वरचे पाणी देण्याची गरज नसते. मूल अधिक वेळा मागेल तेव्हा त्याला अधिक वेळा अंगावर घ्यावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. चमचाभर पाणी, मध, साखरेचे पाणी, घुटी यांतून लाभ काही होत नाही, रोगजंतू मात्र पोटात जाण्याची भीती असते. मूल शांत झोपावे म्हणून अफूची बाळगोळी देण्याची चाल एके काळी मुंबई इलाख्यात होती. गुंगीत पडलेले मूल दूध मागत नाही, आणि उन्हाळ्यात मुलाने दूध न मागणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. सहा महिन्यांनंतर पाणी उकळून गार करून, वाटी-चमच्याने द्यावे. दुधाची बाटली नीट स्वच्छ करणे कठीण असते, म्हणून ती टाळावी. मुलासाठी शिजवलेले अन्न ताजेच भरवावे.

बनगावचा अनुभव

पहारा चुकला आणि जुलाब सुरू झाले तर काय करावे, याचे उत्तरही याच परिसरात मिळाले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्या वर्षीच्या युद्धाची पूर्व आघाडीवरील सूत्रे फोर्ट विल्यममधून हलत होती. त्याच वेळी सीमेजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात पटकीचे रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले होते आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला होता. कोलकात्याहून तेथे गेलेले डॉ. दिलीप महालनबिस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. आतड्यात ग्लुकोजबरोबर मिठातील सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही रक्तात येते, एवढेच या उपायाचे रहस्य आहे. आपल्याकडे ‘जलसंजीवनी’ म्हणून ओळखले जाणारे पाणी ते हेच. डॉ. महालनबिस २०२२ मध्ये निधन पावले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण मिसळावे आणि तयार केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा असे चहाचे सपाट चमचे घालावेत. मीठ अधिक पडू देऊ नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पाणी चमच्या-चमच्याने पाजावे आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. जुलाबात पाणी तोडावे ही समजूत प्राणघातक आहे.

धोक्याची लक्षणे

टाळू खोल जाणे, डोळे आत ओढलेले दिसणे, रडताना अश्रू न येणे, तोंड कोरडे पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा ती गडद पिवळी होणे, चिमटीत धरलेली पोटाची त्वचा सावकाश खाली बसणे, ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे होत. मूल मलूल पडले, दूध ओढीनासे झाले, शौचात रक्त दिसले किंवा झटके आले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. तीन महिन्यांखालील मुलाला ३८ अंशांवर ताप आला तर तो ‘उन्हाचा’ म्हणून सोडून देऊ नये. उन्हाचा तडाखा बसून अंग भाजल्यासारखे तापले, तर मुलाला सावलीत आणून कपडे काढावेत, साध्या पाण्याने अंग ओले करून वारा घालावा आणि तसेच करीत रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

फोर्ट विल्यमच्या बराकींत ज्या आयांनी आपली मुले गमावली, त्यांनी आकाशातील सूर्याला दोष दिला, कारण डोळ्यांना तोच दिसत होता. त्या मुलांना वाचविण्यासाठी ना थंड हवेचा डोंगर हवा होता, ना बॉस्टनचा बर्फ. हलती हवा, आईचे दूध, स्वच्छ पाणी आणि वेळेवर पाजलेली जलसंजीवनी एवढ्याने त्यांतील पुष्कळ मुले जगली असती. उन्हाळा टाळता येत नाही. तान्ह्या मुलापर्यंत येणाऱ्या त्याच्या दोन्ही वाटा मात्र बहुतेक घरांना अडविता येतात.