शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वीचे दिवस

नागपूरहून तपासणीचा अहवाल आला, डॉक्टरांनी "ऑपरेशन करावे लागेल" असे सांगितले आणि दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, की घरात एकदम शांतता पसरते. कोणी जेवत नाही, कोणी बोलत नाही. मग शेजारी येतात, सोयरे येतात आणि प्रत्येकजण एक वेगळा उपाय सांगून जातो. तारखेची वाट पाहणे एवढेच काय ते आपल्या हाती आहे, असे रुग्णाला वाटू लागते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. तारीख मिळाली त्याच दिवशी उपचार सुरू झाला असे समजावे. शस्त्रक्रियेचे काही तास शल्यचिकित्सकाचे असतात, पण त्याआधीचे वीस दिवस रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे असतात.

प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाविषयी लिहीत आहोत. कारण उघड आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्या भंडारा जिल्ह्यात पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत चालतो. आयाबाया गुडाखू लावतात, नस घासतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, पण घोटणाऱ्याचा हात काही थांबला नाही. तथापि पुढील बहुतेक गोष्टी स्तनाच्या, गर्भाशयाच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेलाही लागू आहेत.

प्रथम एका भीतीचा समाचार घेणे भाग आहे, कारण तिच्यापायी माणसे जातात. "लोखंड लागले की रोग पसरतो", "सुई टोचली की गाठ फुटते" हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षित घरातही ऐकू येते. हे खरे नाही. असे वाटण्यामागे एक कारण मात्र आहे. माणूस आधी तीन-चार महिने जडीबुटी करतो, गाल आरपार सडल्यावर रुग्णालय गाठतो, तेव्हा रोग अगोदरच मानेत उतरलेला असतो. पुढे तो दगावला की दोष चाकूवर येतो, गेलेल्या महिन्यांवर येत नाही. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रिया हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. २००४ साली, लोकसभा निवडणुकीच्याच काळात, शरद पवार यांच्यावर मुंबईत तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि पुढे दोन दशके राजकारणात राहिले. दुसरीकडे आर. आर. पाटील यांच्यासारखा लोकप्रिय नेता याच रोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी गेला. रोग मंत्र्याला सोडत नाही आणि मजुरालाही सोडत नाही. म्हणून मिळालेली तारीख चुकवू नये. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्यावे, पण ते त्याच आठवड्यात घ्यावे.

दुसरी शंका अशी की, "फोड गालात आहे, मग मान का कापता?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातूनच मिळाले आहे. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या आणि मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील गाठी काढल्या, तर दुसऱ्या गटात गाठ दिसल्यावरच मान उघडली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील साडेसदुसष्ट टक्के. हाताला न लागणारी गाठही मानेत असू शकते, असा याचा अर्थ. मानेवर व्रण राहणार हे आधी समजले, आणि तो कशासाठी हेही समजले, की तो सोसायला थोडा हलका होतो.

आता शरीराच्या तयारीकडे वळू. खर्रा, बिडी, गुडाखू त्याच दिवशी बंद करावे. "एकदम सोडले तर बाधते" ही सबब आहे. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, डोके दुखते, झोप येत नाही, नंतर ते ओसरते. धूम्रपान सोडल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातील विषारी वायू कमी होतो आणि चार आठवडे सुटले तर जखम भरण्यास व फुप्फुसांस चांगलाच लाभ होतो. पण चार आठवडे पूर्ण करण्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. सोडण्यास मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे. आणि घरच्या पुरुषांनी रुग्णासमोर पन्नी घोटत बसू नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते.

आहाराबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. कोणी "गाठीला उपाशी मारा" म्हणून रुग्णाचे दूध, अंडे, मटण बंद करतो. कोणी फळांच्या रसावर ठेवतो. दोन्ही घातक आहेत. उपासाने गाठ मरत नाही, माणूस वाळतो, आणि वाळलेल्या माणसाचे टाके उशिरा भरतात. आपला जिल्हा धानाचा. ताटात भाताचा ढीग आणि त्यावर पातळ वरण, ही आपली रीत. या वीस दिवसांत ती उलटी करावी, म्हणजे वरण घट्ट आणि भात बेताचा. अंडी, तलावातली मासोळी, दही, दूध, शेंगदाण्याचा कूट जे परवडेल ते रोज पोटात जावे. तोंड जळत असेल तर तिखट वगळून सर्व घोटून द्यावे. डाळ-भाताची पेज, मऊ उकडलेले अंडे दुधात कालवून, केळे कुस्करून. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे. वजन आठवड्यातून एकदा करून लिहून ठेवावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणणे ही शस्त्रक्रियेची अर्धी तयारी होय.

रोज सकाळ-संध्याकाळ चालावे. दम लागेल पण बोलता येईल, इतक्या वेगाने. स्टेशनचा जिना न थांबता चढता येतो का, हे दर चार दिवसांनी पाहावे. भूलतज्ज्ञही साधारण हाच प्रश्न विचारतात. रुग्णालयातून तीन गोट्यांचे एक यंत्र विकत घ्यायला सांगतात. अनेकजण त्यात फुंकर मारतात. ते फुंकायचे नसते, नळी ओठात धरून श्वास हळूहळू आत ओढायचा असतो व गोट्या वर धरून ठेवायच्या असतात. याने फुप्फुसाचा तळ उघडतो आणि शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साचून न्यूमोनिया होण्याचा धोका कमी होतो. यंत्र घेतल्या दिवसापासून सराव करावा, शस्त्रक्रियेनंतर शिकायला गेल्यास दुखण्यामुळे जमत नाही.

खर्रा खाणाऱ्याचे तोंड आखडलेले असते. आपली तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे, कारण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि तोंड उघडत नसेल तर ती नाकातून दुर्बिणीने न्यावी लागते. हे आयत्या वेळी कळणे धोक्याचे असते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच या भागातील सिकलसेलवर लिहिले होते, आणि आजही विदर्भात बौद्ध व आदिवासी कुटुंबांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात प्राणवायू कमी पडला, अंग थंड पडले किंवा शरीरातील पाणी आटले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. शस्त्रक्रियागृहात या तिन्ही गोष्टी घडू शकतात. आधी माहीत असेल तर डॉक्टर रुग्णास उबदार ठेवतात, सलाईन व प्राणवायूची काळजी घेतात. तेव्हा घरात कोणालाही सिकलसेल असेल, तर रुग्णाची तपासणी झाली आहे की नाही हे विचारावे आणि कार्ड असल्यास फाईलला जोडावे. लग्न जुळवताना लपवलेली गोष्ट येथेही लपवली जाते, असा आमचा अनुभव आहे.

लपवण्याचा विषय निघाला म्हणून मनाच्या तयारीबद्दल येथेच लिहितो. घरचे लोक रुग्णाला रोगाचे नाव सांगत नाहीत. "साधा फोड आहे, काढून टाकतील." त्यामागे प्रेम असते, यात शंका नाही. पण रुग्ण भरती होतो तो कर्करोग रुग्णालयात, पाटी त्याला वाचता येते, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस पाच मिनिटांत सर्व सांगून टाकतो. मग त्याला रोगाबरोबरच आपल्यांनी फसवल्याचेही दुःख होते आणि त्याने कोणाजवळ बोलावे? विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला कोणी पाहत नव्हते, भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले. कथा सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सेवा करण्यास सोपा रुग्ण कोणता, हे तेथे सांगितले आहे. पथ्य पाळणारा, प्रमाण जाणणारा, औषध घेणारा, दुखणे वाढले की कमी झाले हे सेवा करणाऱ्यास जसेच्या तसे सांगणारा, आणि वेदना सोसणारा. यातील चौथी गोष्ट रुग्णाला कशी साधावी, जर त्याच्याशीच कोणी खरे बोलत नसेल?

म्हणून एकदा शांतपणे बसून सांगावे. सगळे एकाच दिवशी सांगण्याची गरज नाही, तो विचारील तेवढे सांगावे, पण खोटे सांगू नये. तो रडला तर रडू द्यावे. "रडू नको, धीर धर" हे वाक्य बहुधा सांगणाऱ्याच्या सोयीचे असते. मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे सांगावे. घरात काहीतरी चालले आहे हे त्यांना कळतेच, आणि न सांगितल्यास ती आपलेच काही चुकले असे धरून बसतात.

रात्रीचे विचार दिवसाच्या विचारांपेक्षा भयंकर असतात. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांनी ती याच काळात धरून ठेवावी. ज्यांना नाही त्यांनी डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा, दहा मिनिटे पुरेत. वर सांगितलेला यंत्राचा व्यायाम आणि हे, दोन्ही निराळे आहेत. तेथे श्वास ओढायचा आहे, येथे त्याला हात लावायचा नाही. याने गाठ विरघळत नाही, तसा दावा कोणी केल्यास त्याच्यापासून दूर राहावे. भीती जाणार नाही, पण तिच्यासोबत झोप लागू शकते. तरीही झोप-अन्न तुटले, जगणे नको वाटू लागले, तर डॉक्टरांना सांगावे किंवा १४४१६ या टेलिमानस सेवेला दूरध्वनी करावा. तो दुबळेपणा नव्हे.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न मोठा नाजूक. "अमक्याचे असेच झाले होते, सहा महिन्यांत गेला" हे उंबरठ्यावर बसून सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. घरातील एका खंबीर व्यक्तीने, बहुतेक ठिकाणी ती मोठी सून किंवा मेव्हणा असतो, दारात बसावे आणि कोणाला आत सोडायचे ते ठरवावे.

कागदांची कामे पहिल्याच आठवड्यात उरकावीत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्डावरील नाव जुळले पाहिजे. एका अक्षराच्या फरकाने मंजुरी अडते. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, मेडिकल किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आपल्याला साठ-सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे प्रत्येकाने मुंबईच गाठावी असे नाही. जे विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला टाटात जातात त्यांनी रेल्वेची कर्करुग्ण सवलत डॉक्टरांच्या दाखल्यावर घ्यावी, आणि मुक्कामासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. रक्त देणारी माणसे आधीच ठरवून ठेवावीत. तरुण मंडळांनी हार-पुष्पगुच्छाऐवजी हेच काम अंगावर घ्यावे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. जबड्याचे हाड काढावे लागेल काय? गाल भरण्यासाठी मांस छातीचे घेणार की हाताचे? गळ्याला छिद्र पाडणार काय व किती दिवस? नाकातील नळीने किती दिवस जेवण? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, भस्मे, काढे यांपैकी काय चालू आहे ते सर्व सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेस जाणाऱ्या भगिनींनी स्तन राखून गाठ काढणे शक्य आहे का, हे स्वतः विचारावे. नवऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये.

आदल्या रात्री घरच्या वस्तऱ्याने केस काढू नयेत, त्वचेला बारीक जखमा होऊन जंतू शिरतात. नखांचा रंग काढावा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरवाव्या लागतात. पुष्कळ बायकांना शस्त्रक्रियागृहाच्या दारात हे सांगितले जाते आणि त्यांचा धीर तेथेच सुटतो. म्हणून ते घरीच, आपल्या हाताने उतरवून मुलीजवळ द्यावे. जेवण साधारण सहा ते आठ तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद असते, पण रुग्णालय जी वेळ सांगेल तीच पाळावी. "एक घोट चहाने काय होते" असे म्हणून आईने पाजलेला चहा भूल दिल्यावर फुप्फुसात जाऊ शकतो.

तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस बोलता येत नाही. याची तयारी घरी आठवडाभर आधी करावी. पाणी, दुखते, कूस बदलायची आहे, थुंकी साचली, डॉक्टरला बोलवा, यांसाठी हाताच्या खुणा ठरवाव्यात आणि त्या सोबत राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. लिहिता येणाऱ्यासाठी मुलांची पाटी व पेन्सिल पिशवीत घ्यावी, आणि ती शुद्धीवर येण्यापूर्वीच उशाशी ठेवावी.