पर्याय हाती घेता यावेत : नगरनियोजनात वर्धित वास्तव

शहराची विकास योजना प्रत्येक नागरिकाच्या जीवनाशी निगडित असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप योजनेवर हरकती व सूचना मागविल्या जातात. परंतु ज्याला नकाशा वाचता येतो, त्यालाच खऱ्या अर्थाने हरकत घेता येते. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही दाट वस्तीची शहरे २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानासाठी निवडली गेली. तेथील नागरिकांपर्यंत योजनेचा अर्थ पोहोचविण्यास 'वर्धित वास्तव' हे तंत्र उपयुक्त ठरू शकेल.

प्रत्यक्ष दृश्यावर संगणकाने रचलेले चित्र बसविणे, हे या तंत्राचे स्वरूप होय. कॅमेरा वस्तूवरील खूण ओळखतो, वस्तूची जागा व कल ठरवितो आणि त्यानुसार चित्र दाखवितो. त्यामुळे पडद्यावरील पर्यायसूचीऐवजी हाताळता येणाऱ्या वस्तूच पर्याय बनू शकतात.

याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जॉन अंडरकॉफ्लर व हिरोशी इशी यांनी १९९९ मध्ये मांडलेले नगररचनेचे मेज. त्यावर इमारतींच्या प्रतिकृती ठेवल्या की प्रक्षेपकाद्वारे त्यांच्या सावल्या मेजावर उमटत. घड्याळाचे काटे फिरविले की सावल्या सरकत. वारा दाखविण्याचे साधन निराळे होते. पर्यायांची लेखी यादी वाचण्याची गरजच उरली नव्हती.

अशी वस्तुरूप पर्यायसूची तयार करताना काही पथ्ये पाळावीत. वस्तूच्या रूपावरूनच तिचे काम कळावे. एका वस्तूला एकच काम असावे आणि वस्तू मोजक्याच असाव्यात. वस्तू उचलताच तिचा परिणाम नाहीसा व्हावा, म्हणजे चुकण्याची भीती राहत नाही. हाताने खूण झाकली जाणार नाही व सभागृहातील प्रकाश पुरेसा राहील, याचीही दक्षता घ्यावी.

कल्याण परिसराने २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराचा तडाखा अनुभवला. अशा ठिकाणी आराखड्यावर तांब्या ठेवताच पुराची पातळी दिसावी, अशी योजना करता येईल. नदीकाठी भराव दर्शविणारा ठोकळा ठेवल्यास पाणी कोणाच्या दारी जाते, हे सर्वांना दिसेल. मात्र त्यामागील गणित नोंदलेल्या पातळ्यांवर व जमिनीच्या अचूक मोजणीवर आधारलेले हवे. अन्यथा देखणे चित्र दिशाभूलच करील.

याहून महत्त्वाची बाब आणखी एक आहे. जो पर्याय मेजावर नाही, तो कोणीही उचलू शकत नाही. तलावाकाठी इमारतीचे ठोकळे मांडले आणि मोकळ्या जागेचा ठोकळाच ठेवला नाही, तर निर्णय चर्चेपूर्वीच झालेला असतो. म्हणून प्रभागातील वा ग्रामसभेतील चर्चेच्या आरंभी अधिकाऱ्यांनी सर्व वस्तू उपस्थितांच्या हाती द्याव्यात आणि यांत काय उणे आहे, असे प्रथम विचारावे. येणाऱ्या उत्तरांसाठी काही कोरे ठोकळेही जवळ ठेवावेत.