खोक्यांचा किल्ला
(लहान बालकांसमवेत करावयाचा एक पाठ)



दिवाळी जवळ आली की आपल्या गावांतील अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. हा उद्योग बहुधा आठ-दहा वर्षांच्या मुलांचा. घरातील दोन-अडीच वर्षांचे धाकटे भावंड मात्र ‘हात लावू नकोस, मोडशील’ ही आज्ञा ऐकत दूर उभे असते. प्रस्तुत पाठ त्या दूर उभ्या असलेल्या बालकासाठी आहे. ते आपल्या हजेरीपटावर नसते हे खरे. परंतु वडील बहिणीचे बोट धरून ते वर्गाच्या उंबरठ्याशी येऊन बसते आणि पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी शाळेच्या आवारातच भरते.

साहित्यासाठी पैसा खर्चावयाचा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले, तेव्हा शिंपले, खडे, पाने, बिया हेच त्यांचे साहित्य होते. आज खेड्यातील उकिरड्याचे रूप पालटले आहे. चहाची, साबणाची, बिस्किटांची, टूथपेस्टची खोकी घरोघर फेकली जातात. चौथीच्या मुलांना आठ दिवस आधी सांगून ठेवावे. एक पोते सहज भरते. कापडाच्या दुकानातून ताग्याच्या आतील पुठ्ठ्याची नळी मिळाल्यास ती अवश्य आणावी. तिचे वीतभर लांबीचे तुकडे म्हणजे तयार बुरूजच होत.

आलेले साहित्य शिक्षकाने स्वतः निवडावे. हे काम मुलांवर सोपवू नये. कीटकनाशकांची, तणनाशकांची व औषधांची वेष्टने, कितीही स्वच्छ दिसली तरी, बाजूला काढावीत. शेतकऱ्याच्या घरातून अशी खोकी हमखास येतात. पत्र्याचे डबे नकोत, त्यांची कड कापते. थर्माकोल व प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत. थर्माकोलचा कण घशात अडकतो आणि पिशवी तोंडावर ओढली जाते. काडेपेट्या घ्यावयाच्या तर काड्या काढून, घासण्याच्या बाजूवर कागद चिकटवूनच घ्याव्यात. बालकाच्या मुठीत पूर्ण झाकली जाईल अशी कोणतीही वस्तू या पाठात असू नये. या वयात प्रत्येक वस्तूची परीक्षा प्रथम तोंडाने होते.

खळ घरीच करावी. वाटीभर मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. मिश्रण दाट व काहीसे पारदर्शक दिसू लागले की उतरवून पूर्ण निवू द्यावे. पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे. आपल्या खळीत ते कदापि घालू नये. खळ दोन दिवसांत आंबली तर टाकून द्यावी.

खोक्याची बाहेरील बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर खळ धरत नाही. म्हणून खोक्याचा चिकटविलेला जोड हलकेच उकलून ते उलट घडीने पुन्हा जुळवावे. आतील करडी बाजू बाहेर येते. तिच्यावर कागद चिकटतो आणि गेरूचा रंगही बसतो. शिवाय जाहिरातीही आत जातात, हा लाभ लहान नव्हे. चुन्याचा रंग वापरू नये, तो डोळ्यांत गेल्यास इजा करतो. मोठ्या खोक्यांत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरावेत, म्हणजे बालक त्यांवर टेकले तरी ती चेपत नाहीत. बोळे करण्याचे काम बालकाकडेच द्यावे. कागद चुरगळण्यात त्याला जो आनंद होतो तो किल्ल्यापेक्षा कमी नसतो.

आता मुख्य गोष्ट. कापणे व जोड उकलणे ही कामे बालक येण्यापूर्वी उरकलेली असावीत. ते आले की रचना त्याची. ‘हा बुरूज कोठे ठेवू या, बाळा?’ एवढेच विचारावे आणि ते ठेवील तेथे राहू द्यावा.

हे मी चुकून शिकलो. एका वर्षी प्रदर्शनासाठी असाच किल्ला करीत असता शेजारच्या अंगणवाडीतील एक मुलगी माझ्याजवळ बसली होती. तिने बुरूज तटाच्या आत मधोमध ठेवला. मी तो उचलून कोपऱ्यावर लावला. तिने तो पुन्हा आत नेला. मी पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेस तिने हातातील खोके खाली ठेवले आणि माझ्याकडे पाठ करून ती कापलेल्या तुकड्यांशी खेळू लागली. किल्ल्याची पाहुण्यांनी वाखाणणी केली. तिने मात्र तो वळूनही पाहिला नाही. पुढे केव्हातरी माझ्या ध्यानात आले, की बुरूज तिने लपविला होता.

लपविणे किल्ल्याच्या स्वभावाला धरूनच आहे. रायगडाचा महादरवाजा दोन भव्य बुरुजांच्या कवेत असा दडविला आहे, की वळण घेऊन जवळ गेल्याखेरीज तो दृष्टीस पडत नाही. गडकोटांतील ही युक्ती आपण वरच्या वर्गांना शिकवितो. रायगड, राजगड, शिवनेरीसह महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेही चौथीच्या मुलांना सांगावे. धाकट्याला यातले काही सांगू नये. त्याला ‘तट’, ‘बुरूज’, ‘दरवाजा’ हे तीन शब्द आणि ‘आत–बाहेर’, ‘वर–खाली’ या जोड्या हाताने करता करता मिळाल्या तर पाठ पुरा झाला. दहा मिनिटांनी ते उठून गेले तर जाऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी येते.

आणि ते किल्ला पाडील. बहुधा पहिल्याच दिवशी, दोन्ही हातांनी, मोठ्याने हसत पाडील. म्हणून पहिले दोन दिवस खळ लावूच नये, खोकी नुसती रचू द्यावीत. चिकटविण्याचे काम तिसऱ्या दिवशी घ्यावे, तेही त्याने एकच रचना दोनदा केलेली दिसली तरच. चौथीच्या मुलांना याचा राग येतो. त्यांना आपला मातीचा किल्ला वेगळ्या अंगणात करू द्यावा आणि पोत्यात उरलेली खोकी कोरड्या जागी टांगून ठेवावीत. पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी येते. तशी खोकी जाळून नवी गोळा करावीत.