गॅरेजमध्ये घडलेला इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत राजे, लढाया आणि तह यांना पाने मिळतात. पत्रा कापणाऱ्या, साचे घडविणाऱ्या हातांना क्वचितच एखादी ओळ लाभते. म्हणून या अभ्यासलेखासाठी आम्ही मुद्दाम एका गॅरेजची निवड केली आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, न्यूपोर्ट बीच या समुद्रकाठच्या शहरात ब्रूस मेयर्स (१९२६-२०२१) हे नौका बांधणारे कारागीर राहत. त्या काळी हौशी लोक जुन्या मोटारींचे सांगाडे किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर पळवीत. मेयर्स यांनी १९६४ साली घरच्या गॅरेजमध्ये निराळीच गाडी सिद्ध केली. तिचे नाव ‘ओल्ड रेड’.

वाळूत गाडी का रुतते? वाळू सुटी असते. अरुंद चाकावर भार एकवटला की कण बाजूला सरतात आणि चाक खाली जाते. यावर उपाय दोन: भार कमी करणे आणि उरलेला भार अधिक जागेवर पसरविणे. मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे इंजिन घेतले. ते मागे असल्याने त्याचे वजन गाडी ओढणाऱ्या चाकांवरच पडते. शिवाय ते हवेने थंड होत असल्याने रेडिएटर लागत नाही. नौकेसाठी वापरतात तसे काचतंतूंचे थर राळेत भिजवून त्यांनी साच्यात कवच घडविले. दारे गाळली, छप्पर गाळले, टायर रुंद बसविले.

पहिल्या डझनभर गाड्यांत हे कवचच सारा भार पेलत असे. परंतु त्या महाग पडत. पुढे मेयर्स यांनी बीटलचाच तळ सुमारे ३६ सेंटीमीटर कापून पुन्हा जोडण्याची पद्धत अवलंबिली. गाडी आखूड झाली, चटकन वळू लागली आणि जुनी बीटल असणाऱ्या कोणालाही सुटे भाग आणून ती घरी बांधता येऊ लागली. १९६७ साली ‘ओल्ड रेड’ने मेक्सिकोतील तिहुआना आणि ला पाझ यांमधील अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापले आणि मोटारसायकलचा आधीचा विक्रम सुमारे पाच तासांनी मोडला.

कीर्ती आली, तसे नक्कल करणारेही आले. मेयर्स यांनी पेटंट घेतले होते. पण न्यायालयात ते टिकले नाही. मूळ कंपनीने सुमारे ६,००० संच विकले. नकलांची संख्या त्याच्या कितीतरी पट झाली. १९७१ साली कंपनी बंद पडली. मात्र २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत ‘ओल्ड रेड’ची नोंद झाली. न्यायालयाने जे दिले नाही, ते काही अंशी इतिहासाने दिले.

‘काही अंशी’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक लिहिले आहेत. नोंदीने बुडालेला मोबदला परत मिळत नाही; पण ही वस्तू कोणाच्या हातची, याचे उत्तर तरी पुसले जात नाही. आपल्या कितीतरी घरांत हाताची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वस्तू राहिल्या, घडविणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे: मुलाने सायकल खोलून अंगणभर पसरली, तर रागावण्याआधी ती पुन्हा जोडण्याची संधी त्याला द्यावी. माजी विद्यार्थ्यांनाही एक स्वाध्याय: आपल्या घरात कोणी काय घडविले, कधी, कशापासून आणि कोणत्या गरजेतून, हे वहीत लिहून ठेवावे. इतिहासाचे साधन असेच तयार होते.